कंटाळा कोठे येतो, तेही सांगा

गेल्या अंकात आम्ही ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील वाचकांना विचारले होते की, सध्या आपल्या उशाशी कोणते पुस्तक आहे आणि ते आपण दुसऱ्या कोणाच्या हाती द्याल काय. पत्रे भरपूर आली, परंतु त्यांपैकी बहुतेकांत ‘अप्रतिम’ किंवा ‘प्रत्येकाने वाचलेच पाहिजे’ यापलीकडे मजकूर नव्हता. अशा शिफारशीचा दुसऱ्या वाचकाला फारसा उपयोग होत नाही. पुस्तक सुचवणाऱ्याने ते कोणत्या पानांवर कंटाळवाणे होते, हेही सांगितले पाहिजे, असे माझे मत आहे. कारण पुस्तक हातून सुटते ते बहुधा तेथेच, आणि सुटल्यावर वाचक दोष मात्र स्वतःला देतो. पहिले पत्र नेमके याच तक्रारीचे आहे.

प्रश्न : मी नोकरीसाठी घणसोलीहून ठाण्याला ट्रान्स-हार्बरच्या गाडीने जाते. गाडीत वीसेक मिनिटे मिळतात, तीही बहुधा उभ्याने. मैत्रिणीच्या आग्रहावरून ‘कोसला’ तीन वेळा सुरू केली आणि तिन्ही वेळा वसतिगृहाच्या दिवसांतच सोडून दिली. वाचक म्हणून मी कमी पडते आहे काय? गाडीत वाचता येईल असे काही सुचवाल काय?
(एक वाचक, घणसोली)

उत्तर : आपण कमी पडत नाही, आपली गाडी कमी पडते. भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी १९६३ मध्ये आली. खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर तिच्यात स्वतःची हकिकत सांगतो. वसतिगृह, खानावळ, मित्र, निवडणुका, उधारी हे सगळे तो अशा सुरात सांगतो की, यातून काहीच निष्पन्न होणार नाही, अशी आपली खात्री पटत जाते. तो सूर जाणीवपूर्वक लावलेला आहे. पांडुरंगचा कंटाळा हाच त्या पानांचा विषय आहे. पण हा कंटाळा सलग तास-दोन तास अंगावर घेतला तरच कळतो. रबाळे, ऐरोली करत तुकड्या-तुकड्याने वाचले की त्याच्या कंटाळ्यात आपला कंटाळा मिसळतो आणि कोणता कोणाचा, ते कळेनासे होते. पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीच्या साथीत जाते, तेथे हा थट्टेखोर आवाज एकाएकी फुटतो. त्याआधीची सारी बडबड कशासाठी होती, ते त्या पानांवर समजते. एखाद्या रविवारी दुपारी मनीच्या मृत्यूपर्यंत वाचा. तेथेही काही हलले नाही, तर पुस्तक मैत्रिणीला परत करा आणि तिच्यापुढे ओशाळू नका.

गाडीसाठी व्यंकटेश माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ (१९४९) घ्या. एकेका माणसाचे चित्र थोडक्या पानांत पुरे होते. ठाणे येईपर्यंत एक सहज वाचून होईल. ‘धर्मा रामोशी’ पहिल्यांदा वाचा. अंगावर धड वस्त्र नसलेल्या धर्माला एक जुने धोतर मिळते आणि पुढेही तो फाटक्यातच वावरताना दिसतो. ते धोतर गेले कोठे, हे अगदी शेवटी कळते, आणि ते कळल्यावर उतरायचे स्थानक चुकण्याचा संभव आहे. एक इशारा देतो. या पुस्तकातील तीन-चार चित्रे एका बैठकीत वाचू नयेत. माणसाची ओळख, त्याची लकब आणि शेवटी काळजाला बसणारा धक्का, हा साचा मग उघडा पडू लागतो आणि चौथ्या धक्क्याला वाचक सावध होऊन बसतो. दिवसाला एक, हे प्रमाण उत्तम.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी आपण विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ वाचण्याची शिफारस केली होती. ती वाचून मी माझ्या जुन्या संग्रहातली प्रत काढली, तर शेजाऱ्यांनी आणलेल्या प्रतीशी तिचा मजकूर जुळेना. वाक्येच्या वाक्ये निराळी आहेत. आपण कोणती आवृत्ती सुचवली होती?
(एक निवृत्त शिक्षक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : मी आवृत्ती सांगितलीच नव्हती, आणि ही चूक माझी आहे. या पुस्तकाच्या बाबतीत तर ती अक्षम्यच म्हटली पाहिजे, कारण एकाच नावाखाली येथे दोन वेगळी पुस्तके नांदतात. गोडसे भटजी हे पेणजवळच्या वरसईचे. घरच्या दारिद्र्याला आणि कर्जाला उतारा म्हणून, दक्षिणा मिळवण्याच्या आशेने ते १८५७ मध्ये काकांबरोबर उत्तर हिंदुस्थानाच्या वाटेला लागले, आणि ज्या मुलुखात यज्ञाची दक्षिणा वाटली जायची, त्याच मुलुखात बंडाचा आगडोंब उसळलेला त्यांनी पाहिला. पुढे उतारवयात, कल्याणात जन्मलेले भारताचार्य चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी ही हकिकत लिहून काढली. वैद्यांनी ती १९०७ मध्ये छापली. पण छापताना भाषा आपल्या काळाला रुचेल अशी केली, काही गाळले, काही बदलले. भटजींचा मूळ मजकूर दत्तो वामन पोतदार यांनी संपादित करून १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्या आणि शेजाऱ्यांच्या प्रतींतील तफावत याच कारणाने असणार. दोन्ही प्रतींची प्रस्तावना उघडून संपादकाचे नाव पाहावे, म्हणजे उलगडा होईल.

दोहोंपैकी कोणती वाचावी, असे विचाराल, तर वैद्यांची प्रत लवकर वाचून होते आणि पोतदारांची मनात अधिक काळ राहते. मूळ मजकुरात विरामचिन्हांची शिस्त नाही आणि वाक्य एकदा सुरू झाले की थांबायचे नाव घेत नाही. मात्र वरसईच्या ओसरीवर बसून कोणी वृद्ध गृहस्थ आपल्यालाच सांगत आहेत, हा भास तेथेच होतो. सुरुवातीचा प्रवास, मुक्काम आणि दक्षिणेचे हिशेब कंटाळवाणे आहेत, हे मान्य केले पाहिजे. ती पाने भराभर चाळली तरी चालतील, पण वगळू नयेत. पदरी पडणाऱ्या रुपयांची मोजदाद करणारा हा माणूस पुढे झाशीच्या कत्तलीत केवळ जीव वाचवण्यासाठी दडून बसतो, तेव्हा त्या मोजदादीची आठवण असावी लागते.

काल्पीच्या वाटेवरचा एक प्रसंग आपल्या विद्यार्थ्यांना सांगण्याजोगा आहे. झाशी पडल्यानंतर एका विहिरीपाशी भटजींना पठाणी पोशाखातील, धुळीने माखलेली, तहानेने व्याकूळ झालेली राणी लक्ष्मीबाई भेटते. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी ओढू नये, असे म्हणून ती स्वतःच विहिरीतून पाणी काढते. शाळेच्या पुस्तकातील घोड्यावरच्या राणीपेक्षा हातात मातीचे भांडे घेऊन विहिरीशी उभी असलेली ही राणी मला अधिक खरी वाटते.

प्रश्न : आमचे कुटुंब मूळचे उलव्याजवळच्या गावातले. आजोबांची भातशेती नव्या शहरासाठी गेली. घरात त्या दिवसांबद्दल कोणी फारसे बोलत नाही. जमीन गेलेल्या माणसांवरची मराठी कादंबरी मला वाचायची आहे. माझे वय २३ आहे आणि आजवर मी अभ्यासाबाहेरची दोन-तीनच पुस्तके वाचली आहेत.
(एक वाचक, उलवे, नवी मुंबई)

उत्तर : आपल्या प्रश्नाला पार्श्वभूमी मोठी आहे. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्यात आल्या. मोबदल्यावरून पेटलेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील याच लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व पुढे आले. घरात ‘साडेबारा टक्के’ हा शब्द आपण ऐकला असेलच. तो कोठून आला, हे आजी-आजोबांना विचारण्यास काही हरकत नसावी.

विस्थापनावरची कादंबरी म्हणून पहिले नाव निघते ते विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’चे (१९९१). तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे. धरणासाठी गाव उठवले जाते आणि पुनर्वसनाच्या नावाखाली माणसे एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत कशी फिरतात, हे लेखकाने प्रशासनात राहून जवळून पाहिलेले आहे आणि ते पानोपानी जाणवते. पुस्तक जाडजूड आहे, पात्रे पुष्कळ आहेत आणि मधल्या भागात दुःखावर दुःख इतके रचले जाते की वाचणारा बधिर होतो. तेथे आठवडाभर पुस्तक मिटून ठेवले तरी बिघडत नाही. नवख्या वाचकाने पात्रांची नावे एका चिठोऱ्यावर लिहून ती खूण म्हणून पुस्तकातच ठेवावी. मी स्वतः तसेच केले होते.

परंतु ही आपल्या गावाची कादंबरी आहे, असे समजून ती वाचू नका. धरणग्रस्ताचे गाव पाण्याखाली जाते आणि उन्हाळ्यात कधी देवळाचा कळस दिसला, तर तेवढाच. नगरग्रस्ताचे गाव जागेवरच राहते, भोवतालचे सारे मात्र बदलते. देऊळ तेथेच, विहीर तेथेच, पण बांधावरून दिसणारी खाडी इमारतींच्या मागे गेलेली असते. जागेवर राहूनही नाहीशा होणाऱ्या गावाचे चित्र मला गो. नी. दांडेकर यांच्या ‘पडघवली’त (१९५५) सापडते, जरी तेथे ना धरण आहे ना सिडको. कोकणातील एका खेड्याची पडझड तेथील अंबावहिनी आपल्या तोंडाने सांगते. वनस्पतींची, सणांची, रीतिभातींची वर्णने सुरुवातीला लांबतात आणि आजच्या वाचकाला वहिनींचा जुन्या वळणाचा सोशिकपणा खटकेल, मलाही खटकतो. तरीही आपण आरंभ ‘पडघवली’पासून करा. ती लहान आहे, आणि घरातील वडीलधाऱ्यांपैकी कोणाला तरी त्यातले एखादे पान वाचून दाखवता येईल. ‘झाडाझडती’ त्यानंतर.

प्रश्न : माझा नातू ११ वर्षांचा आहे आणि इंग्रजी माध्यमात शिकतो. मराठी अक्षर लावून लावून वाचतो आणि दोन ओळींत कंटाळतो. त्याला ‘श्यामची आई’ द्यावे, असे सर्वजण सांगतात. काय करावे?
(एक आजी, वर्तकनगर, ठाणे)

उत्तर : आजी, ‘श्यामची आई’ थोडे थांबू द्या. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले ते पुस्तक थोर आहे, पण अक्षर लावत वाचणाऱ्या मुलाला आधी रडवणे बरे नव्हे. भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ आणा. फुरसुंगीचा हा काटकुळा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकल हाणतो आणि चोरांच्या मागे लागतो. पहिली चार-पाच पाने आपण मोठ्याने वाचून दाखवा आणि ऐन पेचाच्या जागी ‘आता डोळे दुखले’ म्हणून पुस्तक खाली ठेवा. पुढचे तो आपले आपण वाचेल. काही शब्द जुने झाले आहेत, ते अडले तर सांगावेत, परीक्षा घेऊ नये. याखेरीज बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. त्यांतील कोडी आणि चित्रे पाहायला नातू आपणहून बसेल.

प्रश्न : आमच्या सोसायटीतील पाच जणी दर महिन्याला एक पुस्तक आळीपाळीने वाचतो. स्त्रियांची आत्मचरित्रे वाचायचे ठरले आहे. सुरुवात ‘स्मृतिचित्रे’पासून केली आणि पाचही जणींना ते फार आवडले. पुढचा क्रम सुचवावा. एकीचे म्हणणे आहे की, सगळी आत्मचरित्रे शेवटी सारखीच असतात.
(पाच जणी, कोपरखैरणे)

उत्तर : त्या एकीचे म्हणणे मला मोलाचे वाटते, कारण क्रम चुकला तर ती म्हणते तसेच होईल. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने आले. लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांचे सोवळे आणि घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेण्याचा त्यांचा अट्टहास वाचताना आपण हसतो. त्या हसण्याखाली घरातील बायकांचे किती हाल झाकले आहेत, हे नंतर लक्षात येते. ही लक्ष्मीबाईंची किमया. त्यानंतर लगेच त्याच प्रकारच्या घरातले दुसरे आत्मचरित्र घेऊ नका. रमाबाई रानड्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) आणि आनंदीबाई कर्व्यांचे ‘माझे पुराण’ (१९४४) ही दोन्ही पुस्तके उत्तम आहेत, परंतु मोठ्या पुरुषाच्या पत्नीने सांगितलेली हकिकत म्हणून ती ‘स्मृतिचित्रे’ला लागून वाचली, तर आपली मैत्रीण खरी ठरेल.

दुसरे पुस्तक म्हणून बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ घ्या. ते पुस्तकरूपाने १९८६ मध्ये आले. नाव ‘माझं’ नसून ‘आमुचं’ आहे, याकडे पाचही जणींनी आरंभीच लक्ष द्यावे. येथे ‘मी’ क्वचितच पुढे येते. सबंध महारवाडा बोलतो. लक्ष्मीबाईंच्या माहेरी सोवळ्यासाठी पाण्याचा सुकाळ आणि या वस्तीत पाण्याच्या घोटाचीही मारामार, ही दोन पुस्तके शेजारी ठेवली की हा एकच तपशील चर्चेला पुरेल. भूक आणि सासुरवास यांची काही वर्णने सोसवत नाहीत. हा कंटाळा नव्हे; पण काही जणी येथे पुस्तक मिटतात, म्हणून आधी सांगून ठेवतो. लेखिकेने हे लिखाण कित्येक वर्षे घरातल्यांपासून लपवून ठेवले होते, हेही ठाऊक असावे.

तिसरे उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३). बांबूच्या विणलेल्या वस्तूंना कोकणात आयदान म्हणतात. लेखिकेची आई रत्नागिरीकडे त्या विणून मुलांना वाढवत होती. पुढे मुंबईतली नोकरी, नवऱ्याशी बरोबरीचा झगडा आणि चळवळ हे सारे येते, त्यामुळे नोकरी करणाऱ्या मैत्रिणींना हे पुस्तक जवळचे वाटेल. उत्तरार्धात सभा-संमेलने आणि कार्यकर्त्यांची नावे दाटीने येतात, तेथे वेग मंदावतो. रमाबाई आणि आनंदीबाई यांच्याकडे मग परत यावे. ‘स्मृतिचित्रे’नंतर लगेच वाचले असते, तर जे सारखे वाटले असते, ते तेव्हा वेगळे वाटेल, असा माझा अंदाज आहे, आपल्या मैत्रिणीचे मत त्या वेळी पुन्हा विचारून मला कळवावे.

प्रश्न : आपण सुचवता ती जुनी पुस्तके दुकानात मिळत नाहीत. शोधायची कोठे?
(एक वाचक, चरई, ठाणे)

उत्तर : आपण राहता त्याच शहरात. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १ जून १८९३ रोजी स्थापन झाले आणि त्याच्या संस्थापकांत ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे होते. दुकानदार जे पुस्तक ‘आउट ऑफ प्रिंट’ म्हणून झटकून टाकतो, ते ग्रंथालयाच्या कपाटात पुठ्ठ्याची बांधणी करून उभे असते. मागच्या कव्हरच्या आत तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते, तीही पाहत जा. एखाद्या पुस्तकावर शेवटची तारीख वीस वर्षांपूर्वीची असली, तर ते मी हटकून घरी आणतो. दर वेळी पुस्तक चांगले निघतेच असे नाही.

आता शेवटचे पत्र. हा प्रश्न नाही, मलाच केलेली शिफारस आहे आणि तीही माझ्याच अटीवर.

खारघरचे एक वाचक लिहितात : ‘आपण नेहमी मूळ मराठी पुस्तके सुचवता. जी. ए. कुलकर्णी यांनी कॉनराड रिक्टर या अमेरिकी लेखकाच्या तीन कादंबऱ्यांचे केलेले अनुवाद आपण वाचले आहेत काय? ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ या क्रमाने ते वाचावेत. ओहायोच्या निबिड अरण्यात एक कुटुंब येऊन राहते, झाडे तोडून शेत करते आणि त्या शेतांच्या जागी पुढे गाव वसते. मी खारघरला आलो, तेव्हा आमच्या इमारतीसमोर मोकळे रान होते. तिसऱ्या खंडापर्यंत येईतो समोर तीन टॉवर उभे राहिले. आपल्या नियमाप्रमाणे सांगतो : कंटाळा ‘गाव’मध्ये येतो. झाडे संपली की जी.एं.ची भाषाही थोडी कोरडी होते, असे मला वाटते.’

उत्तर : मूळ ‘गाव’ला, म्हणजे ‘द टाउन’ला, १९५१ चे पुलित्झर पारितोषिक मिळालेले आहे; तेव्हा परीक्षकांना तेथे कंटाळा आला नसावा, पण आपले मत मी नोंदवून ठेवले आहे. जी.एं.च्या कथा मी पुनःपुन्हा वाचल्या आणि हे अनुवाद मात्र राहून गेले, हे कबूल करतो. पत्र आल्याच्या तिसऱ्या दिवशी ‘रान’ आणले असून सध्या निम्म्यावर आहे. ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही अशी ती झाडी आणि तिच्यात आपला पहिला उजेडाचा तुकडा मोकळा करणारी माणसे यांनी मला पुरते धरून ठेवले आहे. तेव्हा ‘गाव’ कोरडे आहे की नाही, याचे उत्तर देण्यास मला अजून दोन अंक तरी लागतील.